चामड्याची शिवण: आधी दोरा, मग सुई, मग आरी

प्रेषित मुहम्मद (स.) आपली पादत्राणे स्वतःच्या हाताने दुरुस्त करीत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) कातडी कमावून शिवत असत आणि त्या कमाईतून गरजूंना देत असत. चामड्याच्या धंद्याला कमी लेखण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) शहरात कापड बाजाराला लागूनच मोची गल्ली आहे. कापड आणि चामडे यांचा शेजार जुना आहे, म्हणून एका कापडवाल्याने चामड्याच्या शिवणीवर लिहिले तर उस्ताद मंडळींनी रागावू नये. शिवण म्हटली की सूत आले, आणि सूत हा आमचा विषय आहे.

हल्ली नवा कारागीर कामाला बसण्याआधी हत्यारांची पेटी घेतो. पेटीत वीस-पंचवीस वस्तू, वर चकचकीत मूठ, किंमत कमी. महिन्याभरात त्यातली चार-पाच हत्यारे हातात राहतात, बाकीची गंजत पडतात. जी हातात राहतात त्यांचेही लोखंड मऊ निघते. थोड्या भांडवलाच्या माणसाला हा खर्च परवडणारा नाही. त्यापेक्षा उलट्या बाजूने विचार करावा. कोणते चामडे शिवायचे आहे, त्याला कोणता दोरा लागेल, त्या दोऱ्याला कोणती सुई आणि त्या सुईला कोणती आरी, या क्रमाने खरेदी करावी.

मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे इथल्या कारागिराचे काम मुख्यतः म्हशीच्या आणि शेळीच्या कातड्यावर आले आहे. म्हशीचे कातडे जाड असते. घुंगरमाळेचा पट्टा, कमरपट्टा, जीनसामान यांसाठी ते चांगले. शेळीचे पातळ कातडे पाकिटे आणि अस्तराला लागते. या दोन कामांची हत्यारे एक नव्हेत.

आता दोरा. सुती दोरा स्वस्त मिळतो, पण जनावराच्या अंगावरचा घाम आणि पावसाळ्याची ओल यांत तो कुजतो. चामडे शाबूत आणि शिवण उसवलेली, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक येते ती बहुधा यामुळेच. नायलॉन मजबूत, पण ताणला जातो आणि शिवण सैल पडते. जाड कामाला मेणवलेला पॉलिएस्टरचा दोरा सोयीचा. लिननचा दोरा उत्तम, पण महाग. जाड पट्ट्याला सुमारे ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा दोरा आणि इंचाला पाच ते सात टाके पुरतात. पाकिटाला ०.५ ते ०.६ मिलिमीटरचा दोरा आणि इंचाला आठ ते दहा टाके घालावेत. रिळावर नुसता नंबर असेल तर एवढे ध्यानात ठेवावे की सुताचा नंबर वाढतो तसे सूत बारीक होते. नवे कारागीर इथे हमखास उलटे समजतात.

दोरा ओळखायचा तर टोक जाळून पाहावे. सुती दोरा कागद जळल्यासारखा वास देऊन राख होतो, पॉलिएस्टर वितळून काळपट कडक मणी बनतो. दुसरे म्हणजे मेणवलेला दोरा वजनावर घेऊ नये, मीटरवर घ्यावा. वजनात मेणाचे आणि आतल्या नळकांड्याचे पैसेही आपणच देतो. विकणाऱ्यानेही हे माप साफ ठेवले पाहिजे, माप-तोलाबद्दल आपल्याला काय ताकीद आहे ते वेगळे सांगायला नको. घरी मेण लावायचे असेल तर मधमाशीचे घ्यावे. मेणबत्तीचे मेण ठिसूळ असते, थंडीत दोऱ्यावरून झडते.

दोरा ठरला की सुई. दोन सुयांनी शिवायचे असेल, म्हणजे एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई ओवून प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी काढायची असेल, तर सुईचे टोक बोथट हवे. छिद्र आरी पाडते. सुईने फक्त त्यातून जायचे असते. टोकदार सुई घेतली की ती आधीच्या दोऱ्यात घुसते आणि दोरा आतून फाटतो. सुईच्या नेढ्यातून दोरा दहा वेळा मागे-पुढे ओढून पाहावा. दोऱ्यावर लव आली तर नेढ्याला धार आहे, ती सुई परत करावी. या शिवणीला दोरा शिवणीच्या सुमारे चौपट लांब लागतो, पण एक टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा शिवण धरून ठेवतो. मशीनच्या शिवणीत दोरा तुटला की पुढचे टाके सुटू लागतात. हाताच्या शिवणीला जास्त दाम मागता येतो तो याच गुणावर.

सगळ्यात जास्त पैसा आरीवर घालावा. गोल आरी चामडे बाजूला सारून भोक पाडते. चौकटच्या पत्त्यावरील आकृतीसारख्या काटछेदाची आरी तिरकी चीर पाडते. ती चीर दोऱ्याभोवती मिटते आणि टाकेही तिरके, सुबक बसतात. विहिरीवर मोट चालत होती त्या काळी चामड्याच्या मोटेची शिवण गळू नये म्हणून छिद्र दोऱ्याला घट्ट बसावे लागे. आज मोट नाही, पण नियम तोच आहे. सुई छिद्रातून किंचित ओढ घेऊन जावी. प्रत्येक टाक्याला पकडीने ओढावी लागली तर आरी बारीक आहे, आपोआप सरकली तर जाड आहे.

आपल्याकडे रस्त्यावरचा कारागीर खाच असलेली आरी वापरतो. ती आरपार घालून खालचा दोरा खाचेत अडकवून वर काढतात. दुरुस्तीला हे हत्यार जलद. सायकलचा स्पोक घासून ते घरीही करतात. मात्र खाचेची कड गुळगुळीत हवी, नाहीतर ती प्रत्येक टाक्याला दोरा कापते. तपासायची कापडवाल्याची रीत अशी: जुन्या मलमलीचा तुकडा आरीवरून हलकेच फिरवावा. जिथे सूत अडकेल तिथे कस आहे.

आरीला पाणी नीट दिले आहे का, हेही पाहावे. लाकडाच्या तुकड्यात टोचून मूठ जरा बाजूला दाबावी. वाकून तशीच राहिली तर लोखंड मऊ, पुन्हा सरळ झाली तर घ्यावी. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्यावे. मूठ तळहातात भरणारी आणि शेंबी घट्ट असलेली बघावी. झाडपाल्याने कमावलेले ओले चामडे लोखंड लागले की काळे पडते, म्हणून आरी आणि रापी पुसून कोरडी ठेवावी.

दात्यांची छिन्नी पाकिटाला ठीक. जाड पट्ट्यावर तिने फक्त खुणा कराव्यात. कागदावर दाबून, शेवटच्या छिद्रात पहिला दाता ठेवून पुन्हा दाबली की अंतर सारखे आहे की नाही ते कळते. गुडघ्यात धरायचा लाकडी चिमटा विकत घेऊ नये, ओळखीच्या सुताराकडून दोन फळ्यांचा करून घ्यावा.

एक गोष्ट मालाच्या नावाबद्दल. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी आहे. आपला जिल्हा त्यात नाही, तेव्हा इथल्या मालावर ते नाव घालू नये. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा कंपनीने तशाच चपला मूळ कारागिरांचा उल्लेख न करता दाखवल्या, तेव्हा केवढा गाजावाजा झाला ते सर्वांनी पाहिले. नंतर कंपनीला भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य करावी लागली.

भांडवलाबाबत: १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत चर्मकार-पादत्राणे कारागीर आहेत. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या ई-व्हाउचरची तरतूद तीत केली गेली. पाच टक्के व्याजाचे कर्ज हा वेगळा भाग आहे आणि ते घेण्याची सक्ती नाही. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांनी सामायिक सेवा केंद्रात चौकशी करताना हत्यारांच्या मदतीबद्दल स्वतंत्रपणे विचारावे. हत्यारे मिळाली की मलमलीचा तुकडा तिथेही फिरवून पाहावा.