मॉडेल्ड पियानोतील पत्र्यासारखी किणकिण

प्रश्न : पियानोटेक या सॉफ्टवेअर पियानोवर जोरात वाजवल्यास मधले स्वर पत्र्यासारखे का वाजतात?

उत्तर : पियानोटेकमध्ये ध्वनिमुद्रित नमुने नसतात; तार, हातोडी आणि ध्वनिफलक यांचे वर्तन गणिताने त्या क्षणी घडवले जाते. आघात जोराचा असला की हातोडीचे फेल्ट अधिक कठीण धरले जाते आणि वरचे उपस्वर ठळक होतात. प्रथम आवाजाची पातळी उतरवून ध्वनी फाटत नाही ना, हे पाहावे. मग कीबोर्डचा व्हेलॉसिटी (आघातवेग) आलेख सौम्य करावा. त्यानंतर जोराच्या आघातासाठीची हातोडीची कठीणता थोडी घटवावी. किणकिण उरलीच तर आघातबिंदू सरकवावा : तारेच्या १/७ लांबीवर आघात झाल्यास मूळ स्वराच्या सातपट कंपनांचा उपस्वर जवळजवळ दबतो. एका वेळी एकच बदल करून कानाने पडताळावा.