पगाराआधी झोप विचारूया

रविवारी रात्री शहाद्याहून पुण्याला निघणारी ट्रॅव्हल्स बघा. निम्मी गाडी आपल्याच पोरांनी भरलेली. पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात आईने बळेच दिलेली चिवड्याची पिशवी. सकाळी वाकडला उतरायचं, रूमवर घाईघाईत आंघोळ उरकायची आणि दहाच्या मीटिंगला हजर व्हायचं.

लोणखेड्यात राहून, घरचा डबा नेऊन शहाद्यात इंजिनिअर झालेली ही मुलं. एकदम हिंजवडीत जाऊन पडतात. आणि आपण फोनवर विचारतो काय? "जेवलास का? पगार झाला का? वाढ कधी देणार?" तिकडून उत्तर येतं, "सगळं मस्त आहे मम्मी." आपल्यालाही तेच ऐकायचं असतं. कुकर लावलेला असतो, मजुरांचे पैसे द्यायचे असतात, लाइट जायच्या आत मोटार चालू करायची असते. फोन ठेवायची घाई दोन्हीकडून असते.

दिवाळीत माझा मुलगा घरी आला, पण लॅपटॉपही आला. घरात रेंज येत नाही म्हणून गच्चीच्या जिन्यात बसायचा. क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे आपली संध्याकाळ झाली की त्यांची सकाळ. एकदा फराळाला बसलेलो असताना त्याच्या आत्याच्या मोबाइलवर टुण्ण वाजलं. कुणीतरी रांगोळीचा फोटो पाठवला होता. पण हा हातातली करंजी ताटात टाकून उठला! फोन आपला नाही हे त्याला जिन्यापाशी गेल्यावर कळलं. सगळे हसले. तोही हसला, पण करंजी काही त्याने खाल्ली नाही.

रात्री मग हळूहळू बोलता झाला. नव्या मुलाला काम दोन दिवसांचं म्हणून देतात, ते निघतं चार दिवसांचं. अडलं तर सिनिअरला विचारायची लाज वाटते. एकदा विचारतो, दुसऱ्यांदा "एवढंही येत नाही का" असं वाटेल म्हणून गप्प बसतो आणि रात्री जागून स्वतःच शोधत बसतो. रिलीज जवळ आली की शनिवार-रविवारही जातो. "नाही" म्हणावं तर प्रोजेक्टवरून काढून बेंचवर, म्हणजे कामाविना, बसवतील, ही भीती. म्हणाला, "आधी प्रोग्रॅम चालला की किती आनंद व्हायचा. आता चालला काय, न चालला काय, काहीच वाटत नाही."

हे "काहीच न वाटणं" आळस नव्हे, नखरेही नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये याची तीन लक्षणं नोंदवली: गळून जाणं, कामावरून मन उडणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. कामाचा ताण वेळेवर आवरला गेला नाही की हे होतं.

आपल्या पिढीला मात्र हे पटायला जड जातं. घरोघरी एक वाक्य तयार असतं: "आम्ही रात्री दोन वाजता उसाला पाणी भरलं, तुम्हाला एसीत बसून कसला त्रास?" खरंय, भरलं. पण पाणी भरून झालं की बारे बंद करून बाबा बांधावरच घोरायचे. या मुलांचं काम खिशातल्या फोनमधून त्यांच्या उशाशी येतं.

2024 च्या जुलैमध्ये पुण्यात एका बड्या फर्ममधली 26 वर्षांची सीए मुलगी गेली. नोकरीला लागून चारेक महिने झाले होते. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. पदवीदान समारंभासाठी आईवडील केरळहून तिच्याकडे आले होते. छातीत दडपतंय म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला दवाखान्यात नेलं. झोप पुरेशी नाही, जेवण उशिरा होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी ती कामावर गेली. समारंभाच्या दिवशीही दुपारपर्यंत काम करत होती, असं आईने लिहिलंय. आईवडील शेजारी असूनही कामाचा रेटा थांबत नाही. मग चारशे किलोमीटरवरून आपल्याला काय दिसणार?

म्हणून विचारायचं कसं, तेवढं बदलूया. "काल किती वाजता झोपलास?" "या आठवड्यात सुट्टी मिळाली का?" त्याने सांगितलं की लगेच तोडगा काढायचा नाही, शेजारच्याच्या मुलाचं पॅकेज तर मुळीच काढायचं नाही. घरी आला की पहिला दिवस झोपू द्यायचं. नातेवाइकांकडे नंतर जाता येतं.

दुसरं जरा अवघड आहे. पहिल्या पगारावर आपण किती ओझं टाकतो? शिक्षणाचं कर्ज, ट्रॅक्टरचा हप्ता, बहिणीचं लग्न. मुलगा बोलत नाही, कारण बोललं तर हप्ता कोण भरणार हे त्याला माहीत असतं. नवराबायकोने एकदा वही घेऊन बसावं: तो काही महिने घरी राहिला तर कसं भागेल? आकडा निघाला की त्याला सांगावा. नोटीस पिरियड किती, बॉन्ड आहे का, हेही त्याच्याकडून समजून घ्यावं. नोकरी लगेच सोडायला सांगायची नाही, पण दार कुठे आहे ते त्याला माहीत असू द्यावं.

झोप उडाली, जेवण तुटलं, "जगून काय करू" असं काही बोलला, तर मात्र वाट बघू नका. त्याच्याकडे जा, डॉक्टरांकडे न्या. 14416 हा सरकारचा टेलिमानस क्रमांक रात्रंदिवस फुकट चालतो, मराठीतही बोलता येतं. तो आपणही लावू शकतो.

आणि "नाही जमलं तर घरी ये, आपण बघू" हे वाक्य शक्यतो वडिलांनी म्हणावं. आईने म्हटलं तर मुलांना ती माया वाटते. वडिलांनी म्हटलं की परवानगी वाटते.