गरोदर मातेच्या ताटात मासळी



आदिवासी पाड्यांवरील गरोदर मातांसाठी कॉड लिव्हर ऑइलच्या गोळ्या पाठवू का, असे काही मंडळ्यांनी प्रेमाने विचारले आहे. कृपया पाठवू नका. माशाच्या यकृताच्या तेलात अ जीवनसत्त्व भरपूर असते; गरोदरपणात ते फार झाले तर बाळात व्यंग येऊ शकते.

मात्र त्यामागचा विचार बरोबर आहे. बाळाचा मेंदू व डोळ्यांचा पडदा घडताना डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल लागते, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. २०१८ साली कॉक्रेन संस्थेने ७० चाचण्या एकत्र तपासल्या. ३४ आठवड्यांपूर्वीच्या प्रसूती इतर मातांत शेकडा ४.६ होत्या, तर ओमेगा-३ घेणाऱ्यांत २.७. दवाखाना डोंगरापलीकडे असलेल्या पाड्यावर हा फरक लहान नाही.

खुरासणीचे आणि मोहाच्या बियांचे तेल चांगलेच, पण त्यांत ओमेगा-३ जवळजवळ नसते. जवसात असते, तरी शरीर त्यातून डीएचए फार थोडे बनवते. म्हणून जवसाची चटणी असावीच, पण खरा आधार मासळीचा: ओढ्यातली लहान मासळी, आठवडी बाजारातला जवळा, सुके बोंबील. सुकी मासळी दोन पाण्यांतून धुऊन घ्यावी. रक्तदाब वाढला असेल तर टाळलेलीच बरी.

अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत मिळणारे अंडेही आईनेच खावे. ती ते पदराआड लपवून थोरल्या लेकरासाठी घरी नेते. तिला रागवायचे तरी कसे? म्हणून आमच्या कार्यकर्त्या आता तिच्याशेजारी बसूनच जेवतात.