दैनिक दिनविशेष-प्रश्न : इतिहास-अध्यापनाचे एक साधन

प्राथमिक शाळांच्या परिपाठात प्रार्थना व सुविचार यांच्या जोडीला दिनविशेष सांगण्याची प्रथा आहे. फळ्यावर तारीख लिहावयाची, ‘आजच्या दिवशी काय घडले?’ असे विचारावयाचे आणि प्रथम हात वर करणाऱ्या मुलाचे उत्तर ऐकून पुढे जावयाचे, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. एवढ्यावरच थांबल्यास दोन तोटे होतात. तीच चारपाच मुले रोज बोलतात व उरलेला वर्ग केवळ श्रोता राहतो. आणि इतिहास म्हणजे सनावळीचे पाठांतर, ही समजूत बालवयातच दृढ होते. ही पाच मिनिटे सार्थकी कशी लावावी, याचा विचार येथे केला आहे.

उदाहरणे मुंबईच्या उपनगरांतील घेतली आहेत. अंधेरी, बोरीवली, घाटकोपर व मुलुंड ही आज महानगराची अंगे असली, तरी मुळात ती साष्टी बेटावरील गावेच होत. अंधेरी व घाटकोपर १९५० साली आणि बोरीवली व मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत आली. जी दृष्टी या गावांना लावता येते, तीच कोणत्याही खेड्याला लावता येईल.

१. प्रश्नाच्या तीन पायऱ्या

‘केव्हा?’ हा प्रश्नाचा आरंभ होय, शेवट नव्हे. त्यामागून ‘कोठे?’, ‘का?’ आणि ‘त्यामुळे पुढे काय झाले?’ हे तीन प्रश्न क्रमाने यावेत.

१६ एप्रिल हा दिवस घ्या. १८५३ साली या दिवशी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली उतारूंची आगगाडी गेली.

कोठे? मुलांनी नकाशावर बोट ठेवून कुर्ला, घाटकोपर, मुलुंड अशी वाट दाखवावी. अंधेरी व बोरीवली या मार्गावर नाहीत, हेही त्यांच्याच लक्षात येऊ द्यावे. त्या बाजूचा लोहमार्ग दुसऱ्या कंपनीने पुढच्या दशकात घातला.

का? इंग्लंडमधील गिरण्यांना कापूस हवा होता, आणि देशावरचा कापूस घाट उतरून बैलांच्या पाठीवरून बंदरास येण्यास फार काळ लागे. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या मुंबईकरांनीही या उपक्रमास पाठबळ दिले.

पुढे काय झाले? १८५४ साली गाडी कल्याणास पोचली व १८६३ साली बोरघाट चढून गेली.

याच दिवशी गणिताचाही प्रश्न देता येतो. अंतर २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर, डबे १४, पाहुणे सुमारे ४००, तर एका डब्यात सरासरी किती माणसे बसली असतील? इतिहासात मागे राहणारा मुलगा येथे पुढे येतो.

दुसरे उदाहरण १५ ऑक्टोबरचे. १९३२ साली या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एका लहान विमानाने जुहूच्या धावपट्टीवर उतरले. येथे ‘पावसाळ्यात हे शक्य झाले असते काय?’ असे विचारावे. जुहूची सखल जमीन पावसात चिखलमय होई व त्या काळात विमानसेवा पुण्यास हलवावी लागे. अशा रीतीने तारखेला ऋतूची व भूगोलाची जोड मिळते.

२. तारखेची पडताळणी

चुकीची तारीख फळ्यावर लिहिली गेली, तर ती चाळीस वह्यांत उतरते व तेथून घरोघर जाते. म्हणून दोन विश्वसनीय पुस्तके ताडून पाहिल्याखेरीज तारीख लिहू नये. शिवाय जुन्या घटनांची तारीख कोणत्या कालगणनेची, हेही पाहावे.

शिवछत्रपतींचा राज्याभिषेक शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस झाला. ६ जून १६७४ ही त्याची प्रचलित तारीख इंग्रजांच्या त्या वेळच्या, म्हणजे जुन्या गणनेची आहे. नव्या गणनेने त्या दिवशी १६ जून येते. त्या काळी मुंबई बेट इंग्रजांकडे व साष्टी पोर्तुगीजांकडे होती. पोर्तुगीजांनी नवी गणना १५८२ सालीच स्वीकारली होती. इंग्रजांनी ती १७५२ साली स्वीकारली. त्यामुळे माहीमच्या खाडीच्या अलीकडे इंग्रजांच्या दप्तरात ६ तारीख, तर पलीकडे वांद्र्यास पोर्तुगीजांच्या दप्तरात १६ तारीख, असा एकाच दिवसाचा प्रकार होता. वरच्या वर्गातील मुलांना हे अवश्य सांगावे. दिवस एकच, मोजण्याच्या रीती निराळ्या, हे कळले की तिथी व तारीख यांवरून वाद घालण्यापेक्षा समजून घेण्याची सवय लागते.

३. गावाचा दिनविशेष

आठवड्यातून एक प्रश्न स्वतःच्या गावाचा असावा. त्याची उत्तरे पुस्तकात नसतात. ती शाळेच्या दप्तरात व वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असतात. शाळा कोणत्या दिवशी सुरू झाली? पहिली मुलगी कोणत्या तारखेस दाखल झाली? गावात पहिली एस. टी. केव्हा आली, वीज केव्हा आली? शाळेचे जनरल रजिस्टर शिक्षकांनी स्वतः पाहावे व कोणाच्या खाजगी नोंदी वर्गात वाचून दाखवू नयेत. वडीलधाऱ्यांना तारीख आठवत नसेल, तर ‘तेव्हा भात कापणीस आले होते काय?’ असे विचारल्यास महिना तरी निश्चित होतो.

४. वर्गातील योजना

(अ) प्रश्न आदल्या दिवशी सायंकाळी फळ्यावर लिहावा. घरी विचारण्यास अवकाश मिळतो.
(आ) उत्तर देण्याची पाळी पटाच्या क्रमाने यावी, म्हणजे मागच्या बाकावरील मुलासही आपला दिवस मिळेल.
(इ) चूक उत्तरास हसू नये. ‘तुला असे का वाटले?’ असे विचारावे.
(ई) मान्य झालेले उत्तर एका वहीत आधारासह नोंदवावे. ही वही पुढील वर्षीच्या वर्गास द्यावी.

वर्षाअखेरीस त्या वहीत दोनशे तारखा जमल्या की नाही, याला फारसे महत्त्व नाही. रेल्वेचा, विमानाचा व राज्याभिषेकाचा दिवस जेथे लिहिला, तेथेच आपल्या गावातील पहिल्या विद्यार्थिनीचाही दिवस लिहिला गेला, तर इतिहासात आपल्यालाही जागा आहे, हे मुलांना न सांगता कळेल.