अस्थींच्या सीटी प्रतिमा : साठवण व पाठवणी

सावित्री व गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ महाड, तर कशेडी व आंबेनळी या घाटांच्या पायथ्याशी पोलादपूर वसले आहे. घाटातील अपघात, दरडी आणि पावसाळ्यातील निसरड्या वाटा यांमुळे हाड मोडलेल्या रुग्णास या भागातून मोठ्या शहरातील तज्ज्ञाकडे न्यावे लागण्याचे प्रसंग येतात. रुग्ण वाटेवर असतानाच त्याची सीटी स्कॅनची प्रतिमा तज्ज्ञाच्या हाती पडली, तर शस्त्रक्रियेची तयारी आधीच सुरू होऊ शकते. मात्र ही प्रतिमा आकाराने फार मोठी असते व ती लहान करण्याच्या घाईत तिच्यातील महत्त्वाचा भागच नष्ट होतो.

लंडन येथे १९७१ साली गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली, तेव्हा एका छेदात ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० बिंदू होते. आज सर्वसाधारण छेदात ५१२ गुणिले ५१२ बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस दोन बाइट लागतात. म्हणजे एक छेद अर्ध्या मेगाबाइटचा आणि ६०० छेदांचा संच ३०० मेगाबाइटचा. हाडाच्या आतील जाळीचे तंतू याहूनही सूक्ष्म, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतात. ते पाहण्यासाठी मनगट व नडगी तपासणारी खास यंत्रे निघाली असून त्यांपैकी एका प्रकारात बिंदूची बाजू अवघी ६१ मायक्रोमीटर असते. बिंदूची बाजू निम्मी केली की तेवढ्याच हाडाची फाईल दुप्पट नव्हे, आठपट होते. कारण वाढ लांबी, रुंदी व उंची या तिन्ही दिशांनी होते.

फिल्मचे मोबाइलवर छायाचित्र काढून पाठविणे सोपे असले, तरी ते पूर्वसूचनेपुरतेच उपयोगी. मूळ प्रतिमेच्या १२ बिटांच्या नोंदीत ४,०९६ छटा मावतात. साध्या छायाचित्रात करड्या रंगाच्या २५६ उरतात. मूळ संच हाती असेल तर डॉक्टर छटांची मर्यादा बदलून आधी हाड, मग भोवतालचा रक्तस्राव पाहू शकतात. छायाचित्रात ही सोय नाही, आणि केसाएवढी भेग तर त्यात सहज हरवते. शिवाय ‘डायकॉम’ या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या फाईलमध्ये छेदांमधील अंतर व बिंदूचे माप नोंदलेले असते. ही नोंद गेली की स्क्रू किती लांबीचा लागेल, हे मोजता येत नाही.

यास्तव आकार कमी करायचा तो मूळ माहिती जशीच्या तशी परत मिळेल अशाच संकोचन-पद्धतीने. त्यात फाईल बहुधा निम्मी किंवा त्याहून थोडी लहान होते. अधिकाची अपेक्षा करू नये. सेकंदाला १ मेगाबिट वेगाने ३०० मेगाबाइट पाठविण्यास ४० मिनिटे लागतात. शेकडो सुट्या फाईलींऐवजी एक गठ्ठा करावा, मध्येच जोडणी तुटल्यास तेथूनच पुढे चालू होणारी व्यवस्था वापरावी, आणि पोहोचलेले छेद मूळ संख्येशी ताडून पाहावेत. फाईलमध्ये रुग्णाचे नाव व वयही असते. उपचारासाठी ते आवश्यक. अध्यापनासाठी प्रत देताना मात्र काढून टाकावे आणि गावच्या सामाईक गटावर असा संच मुळीच टाकू नये.

साठवणीचा प्रश्न या तालुक्यांत अधिक बिकट आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहराचे तळमजले पुराखाली गेले, त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळली. वीज व दूरध्वनी यंत्रणाही खंडित झाली. अशा वेळी तळमजल्यावरील संगणकातील एकमेव प्रत वाचण्याची शक्यता नसते आणि जाळ्यावरील प्रतही हाताशी येत नाही. म्हणून एक प्रत वरच्या मजल्यावर, दुसरी पूररेषेबाहेरील दुसऱ्या गावी व तिसरी जाळ्यावर, अशी विभागणी उपयुक्त ठरते. जूनपूर्वी प्रत्येक प्रतीतील दोन-चार संच प्रत्यक्ष उघडून पाहावेत. रुग्णास मिळालेली सीडी हीदेखील एक प्रतच होय. शिधापत्रिकेबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ती उंचावर ठेवावी, ही सूचना आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी देता येईल.