सैंधव आणि सोडलेली गोळी

प्रश्न : वय ६१, पोलाद कारखान्यातून निवृत्त. बारा वर्षांचा मधुमेह. बीपी १५०/९० निघाला म्हणून डॉक्टरांनी टेल्मिसार्टन दिली. पण डोकं दुखत नाही, शिवाय या गोळीने किडनी जाते म्हणतात. गोळी सोडून सैंधव मीठ सुरू केलं. चालेल ना?
– एक वाचक, कुरुद (भिलाई)

उत्तर : नाही चालणार, पण घाबरूही नका. डॉक्टरांना भेटून गोळी पुन्हा सुरू करा. किडनी बिघडवतात ते न आवरलेले बीपी आणि साखर. लघवीतून प्रथिनं जात असतील तर हीच गोळी किडनीला आधार देते. बीपी सहसा दुखतखुपत नाही, तिथेच माणूस फसतो. १९९८ साली ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात बीपी काटेकोर आवरलेल्या मधुमेहींत पक्षाघाताचा धोका ४४ टक्क्यांनी घटला होता.

सैंधवातही सोडियमच! दिवसभराचं मीठ सपाट चमचाभर, पापड-लोणचं त्यातच धरून. बोरे-बासीवर (पाण्यात भिजवलेल्या भातावर) वरून मीठ नको, भातही बेताचाच. ‘लो सोडियम’ मीठ मात्र परस्पर आणू नका. त्यातलं पोटॅशियम या गोळीबरोबर धोक्याचं ठरू शकतं.

बीपीचं साधारण लक्ष्य १३०/८० च्या आत. गोळी सुरू झाल्यावर दोनेक आठवड्यांनी क्रिएटिनिन, पोटॅशियम तपासा. लघवीतलं अल्ब्युमिन दरवर्षी. उलट्या-जुलाब लागले किंवा उठताना अंधारी आली, तर लगेच डॉक्टरांना कळवा.