वारा पाठीशी, वादळ कोणत्या हाताला?

समजा, तुमचे शिक्षण पूर्ण झाले आहे आणि वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून तुम्ही परदेशी गेला आहात. देश आहे वानुआतू. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस, पॅसिफिक महासागरात विखुरलेल्या ऐंशीहून अधिक बेटांचा हा देश. तेथील एका खेड्यातील शाळेत तुम्ही गणित शिकवता. नकाशा उघडून पाहा. आपला सातारा विषुववृत्ताच्या जितका उत्तरेस आहे, जवळजवळ तितकीच दक्षिणेस वानुआतूची राजधानी पोर्ट व्हिला आहे. म्हणून हवा तुम्हाला ओळखीची वाटेल. पण वादळ आले की घरून नेलेले ज्ञान तपासून घ्यावे लागेल. ते कसे, हे पाहू या.

१३ मार्च २०१५ च्या रात्री ‘पाम’ नावाचे चक्रीवादळ या बेटांवर आले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटरपर्यंत पोचला होता. कोकणात ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ आले, तेव्हा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास होता. म्हणजे ‘पाम’चा वेग सव्वादोन पट, मग जोरही सव्वादोन पटच का? नाही. भिंतीवर पडणारा वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून तो सुमारे पाचपट झाला!

अशा वेळी पहिला प्रश्न पडतो, वादळाचे केंद्र कोठे आहे? हॉलंडचे हवामानशास्त्रज्ञ बाइस-बॅलट यांनी १८५७ मध्ये एक सोपा नियम मांडला. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. उत्तर गोलार्धात कमी दाबाचे केंद्र तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढे असते. दक्षिण गोलार्धात मात्र ते उजव्या हाताला असते. सातारचा नियम पोर्ट व्हिलात जसाच्या तसा लावाल, तर नेमकी उलटी दिशा सांगाल.

असे का व्हावे? एक चेंडू घ्या आणि तो पश्चिमेकडून पूर्वेकडे, पृथ्वीसारखा फिरवा. वरून पाहिले तर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरताना दिसतो. खालून पाहिले तर काट्यांप्रमाणे. फिरणे एकच, पण दोन टोकांवरून उलट दिसते. पृथ्वीच्या या फिरण्यामुळे केंद्राकडे धावणारी हवा उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते, दक्षिणेत डावीकडे. त्यामुळे आपल्याकडील चक्रीवादळे काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, तर वानुआतूची काट्यांप्रमाणे.

आता याहून महत्त्वाची गोष्ट. वादळाच्या मध्यभागी शांत भाग असतो. त्याला वादळाचा डोळा म्हणतात. तो थेट तुमच्या खेड्यावरून गेला, तर घोंघावणारा वारा एकाएकी थांबतो. कधी आकाशही उघडते. नवख्या माणसाला वाटते, सुटलो! तो उडालेली कौले, पत्रे पाहायला बाहेर पडतो. हीच घातक चूक. ही शांतता काही मिनिटे, फार तर तासभर टिकते. मग वारा उलट बाजूने येतो, कारण आता तुम्ही केंद्राच्या पलीकडच्या अंगाला असता. मघाशी ज्या भिंतीने आडोसा दिला, तिच्यावरच आता मारा सुरू होतो. म्हणून वारा थांबला तरी वादळ गेल्याची अधिकृत सूचना मिळेपर्यंत बाहेर पडू नये.

मग परक्या गावात स्वयंसेवकाने काय करावे? जाताच शिकायला बसावे! निळा, पिवळा आणि लाल या तेथील इशाऱ्यांचे अर्थ विचारावेत. गावातील भक्कम इमारत कोणती, हे वादळाचा हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे नोव्हेंबरपूर्वी पाहून ठेवावे. टान्ना बेटावरील परंपरागत घरे नीट न्याहाळावीत. त्यांची गवती छपरे जमिनीपर्यंत उतरलेली आणि वेलींनी घट्ट बांधलेली असतात. उंच भिंतच नाही, तर वारा आदळणार कशावर? ‘पाम’मध्ये हजारो घरे पडली, तरी सुमारे पावणेतीन लाख लोकवस्तीच्या या देशात मृतांची संख्या वीसच्या आत राहिली. रेडिओ व मोबाइलवरून आधी मिळालेली सूचना, आणि ती ऐकून वेळेवर आसरा घेणारी माणसे, यांचा त्यात मोठा वाटा होता. तुम्ही गणित शिकवायला गेलात खरे. पण वादळाच्या धड्यात तेथील आजीबाई तुमच्या गुरू!

आता दोन प्रश्न सोडवा. वारा पूर्वेकडून येत आहे. तुम्ही अलिबागला असाल तर केंद्र कोणत्या दिशेला? आणि टान्ना बेटावर असाल तर? उत्तर वाचण्याआधी खरोखरच उभे राहून हात पसरून पाहा.

वाऱ्याकडे पाठ केली की तोंड पश्चिमेला येते. अलिबागला डावा हात, म्हणून केंद्र साधारण दक्षिणेस. टान्नावर उजवा हात, म्हणून केंद्र साधारण उत्तरेस. वारा तोच, बदलला तो फक्त गोलार्ध.